मुलांच्या डॉक्टरकडचं दारूबद्दलचं काउन्सेलिंग, पालकांच्या बाजूने रिव्ह्यू (५ पैकी ४)

सुरुवातीलाच सांगून टाकते, ज्या सर्व्हिसचा हा रिव्ह्यू आहे तिचा मेन भाग मी बघितलेलाच नाहीये, कारण त्या वेळी मला बाहेर बसवलं होतं. आणि बाहेर बसवलं हेच तिचं सगळ्यात मोठं प्लस आहे असं माझं मत झालंय, म्हणून पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच, कारण सॉलिड आहे.

तर विषय असा. मुलांचे डॉक्टर म्हटलं की आपल्या डोक्यात लस, ताप, खोकला, वजनकाटा आणि भिंतीवरचा तो उंचीचा चार्ट एवढंच असतं. पण हल्ली काही ठिकाणी मोठ्या होणाऱ्या मुलांच्या वार्षिक चेकअपमध्येच दारू, सिगारेट, व्हेप याबद्दल विचारतात आणि तिथल्या तिथे थोडं काउन्सेलिंगही करतात, वेगळी अपॉइंटमेंट नाही, वेगळा डॉक्टर नाही, दारावर "व्यसनमुक्ती"ची पाटी नाही. मूल पिऊन आलं म्हणून नेलंय असंही नाही, उलट प्यायला लागायच्या आधीच गाठायचं अशी सगळी आयडिया आहे. आमचा मोठा पंधरा वर्षांचा आणि धाकटी दहाची, दोघांचं चेकअप एकाच दिवशी ठेवलेलं, आणि रिसेप्शनवरच्या ताई फोनवर म्हणाल्या की नऊच्या पुढच्या सगळ्यांनाच आम्ही हे विचारतो, तेव्हा मला वाटलं काहीतरीच काय, दहा वर्षांच्या पोरीला दारूचं काय विचारणार, तिला अजून दात पडल्याचं कौतुक आहे.

नंतर कळलं की हा नऊचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचा, २०१५ चा बिंज ड्रिंकिंगवरचा (म्हणजे थोड्या वेळात भरपूर पिण्यावरचा) रिपोर्ट आहे, त्यात म्हटलंय की साधारण ९ ते १३ या वयात मुलं दारूकडे चांगल्या नजरेने बघायला लागतात. आधी "ई, घाण वास" असतं आणि मग कधीतरी गुपचूप ते "मोठ्यांची मजा" होऊन जातं. २०११ मध्ये तिथल्या एनआयएएए या सरकारी संस्थेने याच अकॅडमीबरोबर डॉक्टरांसाठी जी गाइड काढली तीसुद्धा ९ ते १८ वयाचीच आहे. म्हणजे आपण "अजून लहान आहे" म्हणत बसतो तेव्हा मत बनायला सुरुवात झालेलीसुद्धा असते.

आमच्या आधीच्या क्लिनिकमध्येपण हा प्रश्न विचारायचे, नाव घेत नाही, पण कसा विचारायचे ते ऐका. मी शेजारच्या खुर्चीत, पोरगा टेबलवर पाय हलवत बसलेला, डॉक्टरांचं अर्धं लक्ष कॉम्प्युटरमध्ये आणि प्रश्न काय तर "दारूबिरू नाही ना घेत? शहाणा आहेस ना?" आता यावर कुठला मुलगा आईच्या देखत हो म्हणेल सांगा. तो म्हणाला नाही, त्यांनी टिक मारली, झालं काउन्सेलिंग. विचारल्याचं समाधान डॉक्टरांना, ऐकल्याचं समाधान मला, आणि मुलाला एवढंच समजलं की इथे काय उत्तर द्यायचं असतं.

इथे तसं नाही. सुरुवातीला आम्ही चौघं एकत्र आत आणि डॉक्टर मॅडम नियम सांगतात. मोठ्याकडे बघून बोलल्या, माझ्याकडे नाही. "आता मी आईबाबांना बाहेर थांबायला सांगणार आहे. तू मला जे सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी त्यांना सांगणार, आणि सांगायच्या आधी तुला सांगणार की मी हे सांगतेय." माझा नवरा लगेच, "म्हणजे हा पितो असं त्याने सांगितलं तरी तुम्ही आम्हाला सांगणार नाही?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मित्राकडे एकदा बिअर चाखली एवढ्यावर नाही सांगणार. नेहमी पितोय, एकटा बसून पितोय, पिऊन गाडीला हात लावतोय, तर सांगणार. आणि शक्यतो मी सांगतच नाही, त्यालाच तुम्हाला सांगायला लावते, मी बाजूला बसते." नवरा गप्प झाला पण कपाळावरच्या आठ्या काही गेल्या नाहीत. (अल्पवयीन मुलाचं काय गुप्त ठेवायचं याचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना हे आधीच स्पष्ट विचारा, नंतर वाद नको.)

आणि आम्ही बाहेर. खरं सांगायचं तर तो वेळ जात नाही. आतून हसल्याचा आवाज आला तरी टेन्शन, नाही आला तरी टेन्शन.

मोठा तसा ताकास तूर लागू देणाऱ्यातला नाही, "काय विचारलं रे" म्हटलं की "काही नाही" हे ठरलेलं उत्तर. पण या वेळी गाडीत स्वतःहून बोलला, सगळं नाही, त्याला जे इंटरेस्टिंग वाटलं तेवढंच. पहिला प्रश्न होता, गेल्या वर्षभरात किती दिवस असे होते की तू एखाद्-दोन घोटांपेक्षा जास्त दारू, बिअर, वाइन, काहीही प्यायलास. पितोस का असं नाही, किती दिवस. त्यामुळे शून्य हेपण एक साधं उत्तर होतं आणि चार हेपण, लाजायचं किंवा शेखी मिरवायचं कारणच उरत नाही. मग मित्रांबद्दल, ते पितात का, पितात तर एका वेळी किती. धाकटीला मात्र उलट्या क्रमाने विचारलं, आधी मैत्रिणी-मित्र आणि मग ती स्वतः. हे मॅडमनी आम्हाला नंतर समजावलं, की लहान मुलांना दुसऱ्याबद्दल बोलणं सोपं जातं आणि या वयात मित्र प्यायला लागणं हीच पहिली खूण असते. पंधराच्या मुलाला मात्र आधी मित्रांबद्दल विचारलं तर त्याला चहाडी केल्यासारखं वाटतं. हे शेवटचं माझं मत, मॅडमचं नाही.

उत्तर काही आलं की मग पुढे एक ठरलेली प्रश्नावली असते, क्राफ्ट नावाची. बोस्टनमध्ये जॉन नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बनवली, सहा प्रश्न, १२ ते २१ वयासाठी. प्यायलेल्याच्या गाडीत बसलास का, रिलॅक्स व्हायला किंवा ग्रुपमध्ये फिट व्हायला पितोस का, एकटा असताना पितोस का, पिऊन केलेलं विसरलास असं झालं का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का, त्यापायी कधी अडचणीत आलास का. दोन किंवा जास्त हो आले तर डॉक्टर ते सिरियसली घेतात. गंमत म्हणजे मूल काहीच घेत नसलं तरी त्यातला गाडीचा प्रश्न सगळ्यांना विचारतात, कारण तिथे पिणारा वेगळा असतो आणि जीव मुलाचा जातो. हे मोठ्या मुलाने गाडीत सांगितलं तेव्हा नवऱ्याचं रस्त्याकडे भलतंच लक्ष लागलं होतं.

यातूनच एक गोष्ट घरी आली जी मला सगळ्यात कामाची वाटते. मॅडमनी मोठ्याकडून आणि आमच्याकडून एक करार करून घेतला, कागदावर सहीसकट. कुठेही असो, कितीही वाजता असो, गाडी चालवणारा प्यायलेला असेल किंवा तो स्वतः प्यायलेला असेल तर त्याने फोन करायचा, आम्ही न्यायला जायचं, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही, लेक्चर नाही, टोमणा नाही, जे काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. अशा कराराची कल्पना जुनी आहे, अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झालेल्या सॅड या विद्यार्थी संघटनेने ती गाजवली. सही करताना मोठा म्हणाला, "आई, तू गप्प बसशील? तू?" मी म्हटलं बसेन. बघू, कस लागेल तेव्हा कळेल.

आता प्रत्यक्ष काउन्सेलिंग कसं होतं. मला भीती होती की सडक्या लिव्हरचे फोटो दाखवतील. शाळेत एकदा असं सेशन झालं होतं, मुलं घरी येऊन त्या फोटोवर जोक करत होती, पालथ्या घड्यावर पाणी. इथे मॅडमनी प्लॅस्टिकचा साधा पारदर्शक ग्लास दिला, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, समज ही व्होडका आहे, एक ड्रिंक ओतून दाखव. पोराने सिनेमात बघतात तसं ओतलं, जवळजवळ अर्धा ग्लास. मग त्यांनी कफ सिरपचं ते १५ मिलीचं झाकण घेतलं आणि ते पाणी झाकणाझाकणाने मोजून बाहेर काढलं. तीन झाकणं म्हणजे ४५ मिली, कडक दारूचं तेवढं एक ड्रिंक. याची नऊ झाली. म्हणजे "एकच तर घेतला" म्हणता म्हणता तीन पोटात. बिअर साधारण ३५५ मिली, वाइन १५० मिली, कडक दारू ४५ मिली, तिन्हींत अल्कोहोल तेवढंच, १४ ग्रॅमच्या आसपास, हा अमेरिकेचा हिशेब, ब्रिटनमध्ये युनिट ८ ग्रॅमचं धरतात, माप देशागणिक बदलतं पण मुद्दा तोच. बिअर म्हणजे दारू नाही असं मुलांना (आणि मुलांच्या बापांनापण) वाटतं ते या झाकणांनी बरोबर मोडलं.

अकॅडमीच्या त्या २०१५ च्या रिपोर्टमधले आकडेपण तेव्हाच सांगितले. मोठ्या माणसांचं बिंजचं माप मुलांना लावून चालत नाही, अंग लहान, शरीरातलं पाणी कमी, त्यामुळे ९ ते १३ वयाच्या मुलग्यांना दोन तासांत तीन ड्रिंक म्हणजे बिंज, १४-१५ ला चार, १६-१७ ला पाच, आणि मुलींना १७ पर्यंत तीनच. मोठा म्हणाला, "म्हणजे मी ओतला तो एकच ग्लास ऑलमोस्ट बिंज होता?" हे त्याने स्वतः काढलं, कुणी त्याच्या गळी उतरवलं नाही, आणि माझ्या मते सगळी मेख इथे आहे. त्यांची पद्धत अशीच आहे, आधी विचारायचं तुला याबद्दल काय माहितीये, मग परवानगी घेऊन थोडंसं सांगायचं, मग परत विचारायचं की आता तुला काय वाटतं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात त्याला, विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांची पद्धत, मुळात दारू सोडणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होती, आता मुलांसाठीपण वापरतात. घरी आपण काय करतो, आधी सांगतो, मग परत सांगतो, मग ओरडून सांगतो.

नाही म्हणायची प्रॅक्टिसपण घेतली. मॅडम मित्र झाल्या आणि आग्रह करायला लागल्या, "अरे एक घोट, कोणाला कळतंय, बायकी आहेस का". मोठ्याला पहिल्यांदा हसूच आलं म्हणे. पण मग त्याने स्वतःचं उत्तर शोधलं, "सकाळी मॅच आहे, कोच वास घेतो". कोच वास घेत नाही. पण मॅडम म्हणाल्या चालेल, भाषण देऊन नाही म्हणायची गरज नसते, सटकता येईल एवढं वाक्य तोंडात पाहिजे. मला हे आवडलं, कारण आपण मुलांना "ठामपणे नकार दे" सांगतो आणि पंधराव्या वर्षी चारचौघांत ठामपणा किती परवडतो ते सोयीस्कर विसरतो.

मेंदूचं अगदी थोडक्यात. पुढचा भाग, जो थांब म्हणतो, तो साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो, आणि मजा पाहिजे म्हणणारा भाग आधीच जोरात असतो. कायद्याचं वय काहीही असो, अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर २१, जर्मनीत बिअर-वाइनला १६, कितीतरी देशांत १८, मेंदू सगळीकडे सारखाच वाढतो. आणि अमेरिकेतला १९९७ चा ग्रँट आणि डॉसन यांचा अभ्यास, पंधराच्या आधी प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं व्यसन लागलं, २० किंवा त्यापुढच्या वयात सुरू केलेल्यांत १० टक्क्यांच्या आसपास. लवकर पिण्यामुळेच लागलं की ज्यांना लागणार होतं तेच लवकर प्यायले हे त्यातून ठरत नाही, पण आई म्हणून मला थांबायला तेवढा फरक पुरतो.

आता धाकटी. ती बाहेर आली आणि दहा वर्षांची मुलं सांगतात तसं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, त्यात मॅडमच्या टेबलावरच्या जिराफाचंही. आणि मग मॅडमनी आम्हाला आत बोलावून तिला विचारलं, "ते काकांचं तू सांगतेस की मी सांगू?" तर एका पार्टीत नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका काकांनी हिला बिअरचा फेस चाखायला दिला होता, आम्ही दोघं तिथेच, चार पावलांवर. तिला ते कडू लागलं, संपलं. पण तिने ते आम्हाला सांगितलं नव्हतं कारण काका म्हणाले होते आपलं सिक्रेट. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, फेसामुळे नाही, सिक्रेटमुळे. मॅडमनी तिला एकदाही असं वाटू दिलं नाही की तिचं काही चुकलं, फक्त सांगितलं की मोठ्या माणसाने आईबाबांपासून लपवायला सांगितलं की ते आईबाबांना सांगायचंच असतं.

यावरून नवऱ्याने तो फेमस मुद्दा काढला, की घरीच थोडं चाखवलं तर मुलांची उत्सुकता मरते, बाहेर जाऊन वाट्टेल तसं पीत नाहीत. कितीतरी सुशिक्षित घरांत हे ऐकलंय. मॅडमनी सरळ सांगितलं की अभ्यासात तसं दिसत नाही. ऑस्ट्रेलियात जवळपास १९०० मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा केला होता, २०१८ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या मेडिकल जर्नलमध्ये आलाय, आईवडिलांनी दारू दिल्याने मुलं सावध झाली असा काही फायदा सापडला नाही, उलट अशा मुलांत बिंज आणि त्रासाचं प्रमाण जास्त निघालं. मग त्यांनी विचारलं घरात दारू असते का आणि कुठे असते. नवरा म्हणाला, "असते, पण मी कधीतरीच घेतो, त्याचा इथे काय संबंध?" संबंध असा की आमची बाटली फ्रिजवरच्या कपाटात, कुलूप नाही, आणि किती शिल्लक आहे ते आम्हा दोघांना सांगता आलं नाही. मोठ्याला सांगता आलं. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण घरी आल्यावर कुलूप आलं.

हा प्रश्न आईवडिलांना विचारायची पद्धत मात्र जरा सुधारायला हवी. मुलांसमोर विचारला, तेही शेवटी उठता उठता. मुलाला एवढं जपून विचारता तर बापालापण एकट्याला विचारा ना. माझा नवरा तसा समजूतदार आहे, दुसरा कुणी असता तर पुढच्या वर्षी पाऊलच ठेवलं नसतं.

दोन्ही मुलांना एक गोष्ट सारखी सांगितली ती इथे लिहिते कारण ती कुणालाही उपयोगी पडेल. एखादा मित्र पिऊन पडला आणि हलवून उठत नाही तर त्याला "झोपू दे, उतरेल" म्हणून सोडायचं नाही. पोटातली दारू रक्तात जात राहते त्यामुळे पिणं थांबल्यावरही नशा चढत असते. कुशीवर वळवायचं, एकटं ठेवायचं नाही, कॉफी पाजायची नाही, थंड पाण्याखाली धरायचं नाही, उलटी करवायची नाही. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त गॅप, अंग गार, ओठ निळसर, यातलं काहीही दिसलं तर लगेच ॲम्ब्युलन्स, घरचे ओरडतील हा विचार नंतर. मोठ्याने हे सगळं नीट लक्षात ठेवलंय. दारू पिऊ नको यापेक्षा मित्राला कसं वाचवायचं हे मुलं जास्त मन लावून ऐकतात असं दिसतंय.

माझ्या भाचीला टाइप वन डायबिटीस आहे, तिच्या डॉक्टरांनीपण तिला हे काउन्सेलिंग दिलं आणि तिचं आमच्याहून वेगळं होतं, म्हणून सांगते. लिव्हर दारू निपटण्यात गुंतलं की साखर सोडायचं काम मागे पडतं, इन्सुलिन तर घेतलेलं असतं, त्यामुळे शुगर एकदम खाली येते, कधी कधी तर झोपेत, कित्येक तासांनी. आणि शुगर कमी झाल्याची लक्षणं, अडखळणं, बरळणं, झोक जाणं, दिसायला अगदी प्यायल्यासारखी, म्हणजे आजूबाजूच्यांना वाटतं चढलीये आणि कुणी मदतच करत नाही. फिट्सची किंवा दुसरी कुठली रोजची औषधं चालू असलेल्या मुलांचंही वेगळं बघावं लागतं. हे शाळेतला पाहुणा वक्ता सांगू शकत नाही, ज्याच्याकडे मुलाची फाइल आहे तोच सांगू शकतो, आणि म्हणून ही सर्व्हिस मुलांच्या डॉक्टरकडेच असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आता तो कापलेला स्टार. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर क्लिनिकच्या ॲपचं नोटिफिकेशन, "व्हिजिट समरी तयार आहे". उघडलं तर उंची, वजन, बीपी आणि खाली मोठ्याच्या नावासमोर "अल्कोहोल स्क्रीनिंग: पूर्ण, काउन्सेलिंग दिले". रिझल्ट नव्हता, उत्तरं नव्हती, पण मोठा शेजारीच बसला होता, त्याने स्क्रीन वाचली आणि त्याचा चेहराच उतरला. "त्या म्हणाल्या होत्या की तुम्हाला दिसणार नाही." आता दिसलं काहीच नाही हे मला माहीत, त्याला कसं पटवायचं? खोलीत एवढा जपून कमावलेला विश्वास ॲपच्या एका ऑटोमॅटिक ओळीने घालवला. मी दुसऱ्या दिवशी फोन केला, आधी रिसेप्शनने काखा वर केल्या की सिस्टिमच तशी आहे, मग मॅडमनी स्वतः फोन करून मोठ्याशी बोलल्या आणि ती ओळ पालकांच्या लॉगिनमधून बंद करून घेतली. केलं, मान्य, पण आधी करायला हवं होतं. ज्या मुलाने खरंच काहीतरी कबूल केलं असेल त्याच्या घरी त्या ओळीवरून काय झालं असतं विचार करा.

दुसरी तक्रार छोटी, वेटिंगमध्ये जो फॉर्म भरायला देतात तो पालकांच्या मांडीला मांडी लावून भरायचा. टॅब्लेट द्या आणि मुलाला कोपऱ्यात बसवा, एवढं साधं आहे. आणि फॉलोअप विचारला तर "पुढच्या वर्षी". ज्याने नाही सांगितलं त्याला ठीक आहे, पण ज्याच्या ग्रुपमध्ये पिणं चालू झालंय त्याला वर्षभर वाट बघायला लावणं मला पटलं नाही, मधे एखादा फोन तरी.

उपयोग होतो का, हा प्रश्न नवऱ्याने विचारला आणि तो रास्त आहे. अमेरिकेची जी प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स आहे (कुठल्या तपासण्या कराव्यात ते सुचवणारी तज्ज्ञांची समिती) तिने २०१८ मध्ये मोठ्या माणसांसाठी अशा तपासणीची आणि काउन्सेलिंगची शिफारस केली, पण १२ ते १७ वयासाठी सांगितलं की फायदा-तोटा ठरवायला पुरावा अपुरा आहे. म्हणजे उपयोग नाही असं नाही, सिद्ध करण्याइतके अभ्यास नाहीत. बालरोगतज्ज्ञांची अकॅडमी तरीही करा म्हणते. मॅडमनी हे लपवलं नाही, उलट म्हणाल्या, माझ्या वीस मिनिटांवर सगळं टाकू नका. आइसलँडचं उदाहरण दिलं, तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के गेल्या महिन्यात पिऊन झिंगलेली होती, २०१६ मध्ये ५ टक्के, आणि ते एकट्या डॉक्टरांनी नाही केलं, मुलांना संध्याकाळी खेळ आणि क्लब, रात्री उशिरा बाहेर फिरायला बंदी, पालकांनी आपसात ठरवलेले नियम, सगळं मिळून वर्षानुवर्षं चाललं. त्यामुळे जादूची अपेक्षा ठेवून जाणार असाल तर जाऊ नका.

कुणी जावं? ज्यांना वाटतं आपलं मूल असलं काही करणार नाही त्यांनी तर नक्की, कारण तिथे मूल आरोपी नसतं. ज्यांच्या मुलाचं पिणं ऑलरेडी नेहमीचं झालंय त्यांनी इथे अडकून पडू नये, मॅडम स्वतःच म्हणाल्या की अशा वेळी मी फक्त दार उघडून देते, पुढे किशोरवयीन मुलांच्या व्यसनावर काम करणारे स्पेशालिस्ट लागतात, आणि खूप पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर तेही धोक्याचं असतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि ज्या पालकांना मूल आत काय बोललं हे कळल्याशिवाय झोप येणार नाही त्यांनी आधी स्वतःच्या मनाची तयारी करावी, कारण बाहेर आल्यावर खोदून खोदून विचारलंत तर पुढच्या वर्षी ते मॅडमनाही काही सांगणार नाही.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर एवढं विचारून घ्या की मुलाला एकट्याला वेळ देतात का, ॲपवर आणि बिलावर काय छापून येतं, आणि मधे गरज लागली तर मूल स्वतः फोन करू शकतं का, आणि उगाच सर्दी-तापाच्या व्हिजिटमध्ये हे उरकून घ्या म्हणू नका, नाक गळत असताना पंधरा वर्षांचा मुलगा कुणाशीच धड बोलत नाही.